जगभर पाळतात म्हणे

थंडी सरत आली होती, पण शिंप्याच्या दुकानात गारठा मुक्कामालाच बसला होता. गिऱ्हाइकासमोर त्यानं बायकोनं शिवलेल्या कॉलरला ‘वाकडी’ म्हटलं, आणि तेव्हापासून दुकानात बोलायची ती फक्त दोन शिलाई मशिनं. त्याला काही लागलं तर तो कात्रीला सांगे, “कात्रीबाई, पांढरा दोरा हवाय.” बायको इस्त्रीला बजावी, “सांग गं त्यांना, देवानं हात दिलेत. खणातून घ्या म्हणावं.”

चूक आपली, हे त्याला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण आपण होऊन बोलायचं म्हणजे नाक खाली! निदान एखादं निमित्त तरी हवं. म्हणून रोज सकाळी तो मोबाइलमध्ये बघायचा, आज जगात कसला दिवस आहे. कधी घुबडांचा निघे, कधी पेन्सिलीचा, कधी हरवलेल्या मोज्यांचा. जगाला मोज्यांची काळजी, त्याच्या संसाराची कुणालाच नाही.

शेवटी आज त्यानं मनानंच एक दिवस रचला. खाकरला, आणि कात्रीकडे न बघता सरळ तिच्याकडे बघून म्हणाला, “अगं, आज ना, अबोला सोडायचा दिवस आहे. जगभर पाळतात म्हणे.”

तिनं मशीन थांबवलं. दातानं दोरा तोडला.

“थापा मारू नका. असा दिवसच नाहीये. मीसुद्धा रोज शोधतेय.”