कासविणीकडचं स्थळ

इंदूरला बड्या गणपतीजवळच्या हॉलमध्ये मराठी मंडळींचा वधू-वर मेळावा भरला होता. धनेशने छत्तिशी ओलांडली होती, त्यामुळे यंदा कुठलंही स्थळ आलं तरी ‘हो’च म्हणायचं, असं त्याने पक्कं ठरवलं होतं. तेवढ्यात कोकणातली एक कासवीण धापा टाकत धनेश आणि त्याची आई बसले होते त्या टेबलाशी आली.

“हवा तापली, किनाऱ्याची वाळू तापली, आणि तापल्या वाळूत अंड्यांतून नुसत्या मुलीच निघतात हो,” ती म्हणाली. “नवरामुलगा आमच्याकडे औषधालाही उरला नाही. तुमचा कसा आहे?”

“एकदम सीधा आहे, कासवीणजी!” धनेशच्या आईने, इंदुमतीबाईंनी, पोह्यांची प्लेट पुढे सरकवली. “कसलं व्यसन नाही. बस, शेव तेवढी लागते.”

कासविणीने धनेशला नीट निरखून पाहिलं. “मुलगा पसंत आहे. पण इंदूर समुद्रापासून केवढं लांब! आमच्या पोरीने संसार करायचा कुठे?”

हेही स्थळ हातचं गेलं, म्हणून धनेशचा चेहरा उतरला. आई मात्र जराही डगमगली नाही.

 

“अहो, समुद्र वाढतोच आहे न! साखरपुडा आज उरकून टाकू. लग्न करू, पाणी आपल्या इंदूरच्या राजवाड्यापर्यंत आलं की!”