बोट चढवायला दोघं लागतात

"आधी बूच," मिस वर्डी म्हणाली. "तळाचं बूच लावल्याशिवाय बोट पाण्यात ढकलायची नाही. भलेभले विसरतात आणि मग धक्क्यावर उभे राहून बुडबुडे बघतात."

"मी काय आज पहिल्यांदा बोट बघतोय?" विल्टन हसला.

पण म्हातारी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती बोलत होती त्याच्या बायकोकडे, ओडीलकडे बघून. आणि ओडील बघत होती स्वतःच्या चपलांकडे. शिकवावं कुणाला, हे तरी कळायला हवं. विल्टनला म्हातारीची कीव आली.

धक्क्याजवळ ट्रेलरच्या चाकांवर उभी असलेली बोट जुनी होती, पण ठणठणीत. उथळ खाडीत चालणारी. पुढे गळ टाकायला ऐसपैस जागा, मागे पोरांना रबरी चाकावर बसवून ओढायला भक्कम कडी. गेल्या रविवारी चर्चहून येताना मिस वर्डीच्या अंगणात 'विकणे आहे' ही पाटी सहा वर्षांच्या जोसीनं पाहिली आणि ती गाडीत नाचायलाच लागली. ओडील मात्र पांढरीफटक पडली. "नको ना, विल्टन. पाणी बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो."

तिथेच विल्टनचं ठरलं. तिचा बाप खाडीत कालवं काढायचा, तो गेल्यापासून ही पाण्याजवळ फिरकली नव्हती. भीती काय, चुचकारून जात नसते.

तसं तिचं वर्षभर काहीतरी चालूच होतं. मागच्या उन्हाळ्यात तर जोसीला गाडीत घालून न सांगता निघाली होती. खाडीपलीकडे, आईकडे म्हणे. नशीब, वाटेतला उचलता पूल विल्टनच्या भावाच्या, ट्रॉयच्या ताब्यात होता. त्यानं पूल वर केला, तो विल्टन पोचेपर्यंत खाली घेतलाच नाही. तेव्हापासून गाडीच्या किल्ल्या विल्टन स्वतःकडे ठेवी. फोनसुद्धा. आईशी बोलली की रात्रभर रडत बसायची, कशाला हवा तो ताप? चर्चला मात्र जाऊ द्यायचा. तिथं ती मिस वर्डीच्या शेजारी बसे, गुणगुणल्यासारखी प्रार्थना करी. गाव म्हणायचं, विल्टन बायकोला तळहातावरच्या फोडासारखी जपतो.

घर सावरायचं होतं त्याला. तिघांनी रविवारी मासे धरायचे, तळायचे, हसायचे. पूर्वीसारखं. नाहीतर ही बाई एक दिवस पुन्हा उठून जाईल, या विचारानं हल्ली त्याला झोप लागत नसे.

पैसे हातात आले तसे मिस वर्डीनं न मोजताच ॲप्रनच्या खिशात कोंबले.

"टाकी काठोकाठ भरलीय की!" विल्टननं काटा पाहिला. "बोट विकताना टाकी कोण भरून देतं?"

"म्हातारपण, दुसरं काय," ती म्हणाली. "आणि ही लाल दोरी. चालवणाऱ्यानं मनगटाला अडकवायची. माणूस पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद." पुन्हा ओडीलकडेच बघून.

बाकाखालून पोहण्याची दोन जॅकेटं निघाली. एक पोरीच्या मापाचं, एक बाईच्या.

"आणि माझं?"

"तू पट्टीचा पोहणारा ना, बाबा?"

विल्टनला ते आवडलं. ओडील भलीमोठी पिशवी पोटाशी धरून बोटीत उतरली. जोसीचे कपडे, औषधं, बिस्किटं, काय काय.

"तासाभरासाठी अख्खा संसार उचलून आणलास?" त्यानं चिडवलं.

"पोर आहे बरोबर," ती म्हणाली. "काहीही लागतं."

खाडीत त्यानं बोट मजेत पळवली. जोसी किंचाळत होती, वाऱ्यानं तिची वेणी सुटली होती. ओडील एका हातानं कठडा धरून बसली होती. सगळ्या फेरीत तिनं एकच गोष्ट विचारली. "हे एवढं पाणी... पलीकडे पोचायला किती वेळ लागत असेल?"

"तास-दीड तास. घाबरू नकोस, तिथवर आपण जाणारच नाही."

तिनं मान हलवली. आणि चक्क हसली. वर्षभरात पहिल्यांदा. बोटीचे पैसे वसूल झाले होते.

परत येऊन त्यानं बोट धक्क्याला लावली. "दोरी धर. मी ट्रक उलटा घेत ट्रेलर पाण्यात आणतो. एवढं तरी जमेल ना?"

"इंजिन चालूच राहू दे हं," मिस वर्डी धक्क्यावरून ओरडली. "गरम असताना बंद केलंस तर परत उठायला कुरकुरतं."

"बोट चढवायला दोघं लागतात, राणी," विल्टननं बायकोच्या गालाला चापट मारली आणि चढण चढून तो ट्रककडे गेला.

ट्रेलर मागे घेणं काही साधं काम नव्हे. पहिल्यांदा तो डावीकडे वळला, दुसऱ्यांदा उजवीकडे. ट्रॉय असता तर पोट धरून हसला असता. तिसऱ्यांदा मात्र चाकं सरळ पाण्यात उतरली. विल्टननं समाधानानं आरशात पाहिलं.

धक्का रिकामा होता.

तो ट्रकमधून उडी मारून खाली आला. बोट पाठमोरी सरकत धक्क्यापासून सुटली होती. ती जागच्या जागी वळली, उथळ पट्ट्यावर इंजिन अलगद वर उचललं गेलं, खोल पाणी लागताच पुन्हा खाली गेलं. कुठे दणका नाही, हिसका नाही. जोसी जॅकेट घालून पुढे बसली होती. सुकाणूवरच्या हाताला लाल दोरी होती.

"ओडील!" तो गुडघाभर पाण्यात शिरून ओरडला. मग म्हातारीकडे वळला. "अहो, बघताय काय? थांबवा तिला कुणीतरी! ती घाबरते!"

मिस वर्डी डोळ्यांवर हाताची सावली धरून बोट लहान होईपर्यंत बघत राहिली.

"पाण्याला नाही, बाबा," ती म्हणाली.