हिरव्या घरातली बाई

ती कामावरून आली, तेव्हा नवरा कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये घर बांधत होता. मातीच्या भिंती, छपरावर सोलर, पावसाच्या पाण्याची टाकी.

"मशीन नाही, पंप नाही. वीज अजिबात वाया जात नाही बघ," तो म्हणाला.

पडद्यावरच्या अंगणात एक बाई पाणी शेंदून वाफ्यांना घालत होती. ते झालं की हातानं धुणं, मग खताचा खड्डा.

"ही कोण?"

"अगं, तूच. वेणीसुद्धा तुझ्यासारखी दिलीय."

"अहो, दमली असेल. जरा बसवा ना तिला."

त्यानं माऊसवर बोट टेकवलं. बाई झाडाखालच्या बाकावर बसली. खांद्यावरची पिशवी न उतरवताच बायको पडद्यावरच्या तिच्याकडे बघत राहिली.

"बसलीस ना आता?" तो म्हणाला. "मग चहा टाक."