दगडाबाईचं दार

दार चौकटीत बसेना. चार बोटं उंच पडत होतं. दगडाबाईनं वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि आसाराम गाडीवानाला उंबऱ्याखालची माती उकरायला सांगितली. आसाराम सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाला की माणूस म्हातारं झालं की वाकतं, हे मेलं दर गावात बोटभर वाढतंय. पण त्यानं कुदळ उचलली.

हसीना बाजूला उभी होती. कालपर्यंत तिच्या घराला गोणपाट होतं. मातीच्या चार भिंती, एक चूल, एक बाज आणि दाराच्या जागी गोणपाट. प्रवरेकाठच्या त्या वस्तीत बहुतेकांचं तसंच होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. नगरच्या बालगृहाला वाटत होतं.

पावसाळ्यात ताप डोक्यात गेला म्हणून हसीना नगरच्या दवाखान्यात पडून राहिली. नवरा आधीच गेलेला. सहा वर्षांची मेहताब दवाखान्याच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांकडं भाकरी मागायची. एका शिपायानं तिला उचलून बालगृहात नेऊन दिलं. हसीना बरी होऊन पोरीला मागायला गेली, तेव्हा तिथल्या कारकुनानं नियम वाचून दाखवला. पोर परत हवी तर घराला दार हवं, दाराला आतून कडी हवी. तपासनीस येऊन पाहतील. मुदत आठ दिवस. नाहीतर नवव्या दिवशी पोर दूरच्या आश्रमाला जाणाऱ्या गाडीत. त्या गाडीतून गेलेलं पोर परत आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

हसीना फाटकाबाहेर येऊन मातीत बसली. तिथं दगडाबाई आधीच बसलेली होती. ती दर रविवारी बसायची. रडत बाहेर पडणाऱ्या आईबापांना पाणी द्यायची, अर्ज कुणाकडून लिहून घ्यायचा ते सांगायची, साहेबापुढं किती बोलायचं आणि कुठं गप्प बसायचं ते शिकवायची. आणि ज्यांच्या घराला दार नाही त्यांना दार द्यायची. तिच्याकडं एकच होतं. बाभळीचं, एकट्याला न उचलवणारं.

राहुरीपासून नेवाशापर्यंत बारा घरांना ते लागून आलं होतं. मामलेदारानं पाहिला नसेल एवढा मुलूख त्या दारानं पाहिला होता. एका घरी ते घाईत उलटं लागलं, कडी गुडघ्यापाशी आली, तरी पोरगं परत मिळालं. एका गावच्या वेशीत गाडी थांबली तर दार गाडीतच करकरलं आणि आपलं घर आलं समजून उघडायला लागलं. आसाराम हे बैलांची शपथ घेऊन सांगायचा. तपासणी व्हावी, पोर घरी यावं, की दार निघालं पुढच्या गावाला. दगडाबाईच्या स्वतःच्या घराला मात्र बारा महिने गोणपाट. हसीनानं तिला विचारलं, मावशी, कुत्रंमांजर शिरत न्हाई का घरात?

"शिरू दे की," दगडाबाई म्हणाली. "राखायला हाय कोण आत."

विलायतेकडं लढाई चालू होती, सगळं लोखंड तिकडं जाई; बाजारात खिळे मिळत नव्हते. जुनेच वाकडे खिळे ठोकून सरळ करून आसारामनं बिजागऱ्या बसवल्या. दार उभं राहिलं.

तपासनीस शामकांतराव दुपारी सायकलवरून आले. म्हातारे, दमलेले, भुवयांपर्यंत धूळ. ते लांबून दिसताच दगडाबाई घरामागं निघून गेली. ती दर वेळी जायची. बारा घरांत एकदाही ती त्यांच्यासमोर उभी राहिली नव्हती. जाता जाता हसीनाला बजावून गेली, दार उघड, तोंड उघडू नको.

शामकांतरावांनी चूल पाहिली, बाज पाहिली, पाण्याचा रांजण पाहिला. मग दार लावलं. कडी घातली, काढली. दार आत ओढलं आणि वरची बिजागरी खिळ्यांसकट सुटली. अख्खं दार त्यांच्या अंगावर यायला लागलं. हसीनानं धावत जाऊन दुसरी कड धरली. आसारामला अचानक बैलांना पाणी दाखवायची आठवण झाली आणि तो नदीकडं चालू लागला.

दोघं तसेच दार धरून उभे होते. विचारलंच तर काय सांगायचं ते हसीनाला पाठ होतं. बाभूळ बांधावरची, दार सासऱ्यानं केलेलं. पण ती फार थकली होती. दवाखान्यात, बालगृहात, चावडीत, कित्येक दिवस ती कुणाला ना कुणाला पटवत आली होती.

"साहेब," ती म्हणाली, "दार माजं न्हाई. पोरगी माजी हाय."

शामकांतरावांनी तिला तिची बाजू जरा उचलायला सांगितली. दार पुन्हा चौकटीत बसवलं, बाहेरून एक धोंडा आणून खिळे ठोकले. मग उंबऱ्यावर बसून गुडघ्यावर कागद ठेवला आणि लिहिलं: दार आहे. कडी आहे. मुलगी आईच्या ताब्यात द्यावी. खाली सही केली. उद्या बालगृहात येऊन पोरीला घेऊन जा, असं सांगितलं.

हसीनाचा विश्वास बसेना. तिला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नसावं. पुढं कधी कळलं तर पोर पुन्हा नेतील. तिनं परत सांगितलं, दार लोकाचं हाय, साहेब, परवा दुसऱ्या गावाला जाईल.

शामकांतरावांनी पेनाला टोपण लावलं. घराच्या कोपऱ्याआड हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता. तिकडं पाहत त्यांनी आवाज खाली आणला.

"ठाऊक आहे, बाई. हे दार पहिल्यांदा मीच मागितलं होतं. आठ दिवसांची मुदत दिली होती. दगडाबाईनं ते अकराव्या दिवशी आणलं."