उजवी कळी

सावळाराम गुरवानं भैरोबाच्या छातीवर दोन कळ्या लावल्या. डावी नुसत्या पाण्यावर, बोटानं अलगद. उजवी मात्र ओल्या शेंदरात, अंगठ्यानं चांगली दाबून. गाभाऱ्यात समईपुरताच उजेड होता, त्यामुळं हे ठाऊक होतं फक्त दोघांना. एक सावळाराम, आणि दुसरा हनुमंत, ज्यानं सकाळीच त्याच्या अंगणात जाऊन हे ठरवून घेतलं होतं.

"देवा," सावळाराम मोठ्यानं म्हणाला, "हनुमंताची कोमल शिरवळच्या कारखान्यात अप्रेंटिस म्हनून चाललीया. वरीसभर काम शिकायचं, मग नोकरी. धाडायची असंल तर उजवी दे. धाडायची नसंल तर डावी."

कोमल मंडपात हात जोडून बसली होती. शिरवळला जायचं ते वेल्ह्यावरनं, आणि वेल्ह्याला जाणारी एसटी देवळापुढंच थांबते, म्हणून बॅग भरून पायरीवर आणून ठेवलेली. उद्या सकाळी हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार, हे हनुमंताला पुरतं माहीत होतं. पोरगी वायरमनचं शिकायला रोज एसटीनं वेल्ह्याला जात होती, तेव्हा हाच गडी मिशीला पीळ देऊन सांगायचा, आख्ख्या वाडीचे पंखे आमच्या कोमलमुळं फिरत्यात म्हणून. पण संध्याकाळी घरी येणारी पोर वेगळी आणि बॅग भरून निघालेली पोर वेगळी. ती गेली की घरात बोलायला उरणार शेळ्या. तिच्या तोंडावर नाही म्हणायची त्याची छाती होईना. वाडीत कौल लावल्याशिवाय, कुठली कळी आधी पडते ते बघितल्याशिवाय, कुणी मोठ्या कामाला हात घालत नाही, तेवढं बरं सापडलं. मग हनुमंत देवाच्या आडून बोलायला निघाला.

पाणी सुकलं तशी डावी कळी सुटली आणि खाली पडली.

"न्हाई म्हनतोय देव," सावळाराम म्हणाला, आणि उगाच समईची वात सारखी करू लागला.

हनुमंताला वाटलं, आता पोर रडेल, भांडेल. भांडणाला त्याच्याकडं उत्तरं तयार होती. रात्रभर तीच तर जुळवत बसला होता. पण कोमलनं पडलेली कळी मागून घेतली आणि कपाळाला लावली.

"बरं," ती म्हणाली. "देवच न्हाई म्हनतोय तर ऱ्हाऊ द्या, आबा. वेल्ह्याच्या सरांना फोन करून सांगते, माजी जागा दुसऱ्या कुनाला तरी द्या म्हनून."

एवढ्यात मानेल असं हनुमंताला वाटलं नव्हतं.

ती उठली, आणि गाभाऱ्याच्या दारापाशी वर बघत थांबली. "गुरवमामा, ह्यो बल्ब का लागंना?"

"दिवाळीपास्नं बंद हाय. नवा आनून लावला, तरी तसाच."

जायचं नव्हतं ना कुठं, मग घाई कसली. कोमलनं पायरीवरची बॅग उघडून टेस्टर, पक्कड, पेचकस काढला. पहिल्यांदा बोर्डातला फ्यूज उपसून खिशात टाकला. "कुनी मदीच चालू करू नये म्हनून," न विचारताच ती म्हणाली. "सरांनी सवयच लावलीया." स्टुलावर चढून तिनं होल्डर उघडला. आतली तार जळून तुटली होती. तिनं टोक सोललं, पीळ दिला, स्क्रूखाली आवळलं. हनुमंताला ते हात बघवेनात, आणि त्यांच्यावरनं नजरही काढवेना.

तिनं फ्यूज बसवला, बटण दाबलं. गाभारा लख्ख झाला.

उजवी कळी अजून छातीवरच होती. तिच्याभोवती शेंदरात अंगठ्याचा ठसा, दळदार, रेघान् रेघ दिसावी असा. सावळारामानं मान खाली घातली. कोमलनं एकदा देवाकडं पाहिलं, एकदा बापाकडं. मग पक्कड पुसून बॅगेत ठेवली.

"आता देवाला नीट दिसंल," ती म्हणाली, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.

हनुमंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवापुढं खोटं केलं याचं एवढं नव्हतं. देवाची काय, नारळ फोडून समजूत काढता येते. पण पोरीनं देवाचा शब्द म्हणून जे कपाळाला लावलं, ते निव्वळ त्याचं भ्यालेपण होतं.

खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

"हनुमंता, आता रं?" सावळाराम पुटपुटला.

हनुमंत उंबरा ओलांडून गुरवाच्या जागी आत गेला, देवापुढं डोकं टेकलं, आणि उजवी कळी धरून ओढली. ती काही सहजी निघेना. अंगठ्याचं नख घालून उकरावी लागली.

तो बाहेर आला तेव्हा एसटी दारात येऊन उभी होती. कोमल पायरीवर तशीच बसलेली, बॅग पायाशी.

"कोमल," तो म्हणाला, "उजवी पडली."

त्यानं मूठ उघडून कळी दाखवली, आणि वाकून बॅगेला हात घातला.

कोमलनं कळीकडं पाहिलंच नाही. ती त्याच्या अंगठ्याकडं बघत होती.

"हात पुसा आदी, आबा," ती म्हणाली. "बॅगला शेंदूर लागंल."