पान्हा

बाळ जन्मतःच गेलं होतं. हॉस्पिटलातून रिकाम्या हातांनी घरी येताना सुनेला धास्ती होती सासूची. त्या बाईच्या जिभेला हाड नव्हतं. पण गाडीत सासू चकार शब्द बोलली नाही. जिन्यात शेजारीण भेटली. "अगंबाई, आलात? काय झालं, मुलगा की मुलगी?" तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणाचं तरी तान्हं रडलं आणि सुनेला पान्हा फुटला. कुडता भिजत गेला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूने अंगावरची शाल काढून तिच्याभोवती लपेटली आणि तिला धरून वर नेलं. दार लावून तिने कपाटातलं मऊ धुवट कापड काढलं आणि सुनेची दुखरी छाती जाणत्या हातांनी बांधून दिली. सुनेने चमकून तिच्याकडे पाहिलं. "आई, तुमचंही बाळ गेलं होतं?" सासूने नुसती मान हलवली. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.