पहिल्या खंडाचा वाचक

राजदूतसाहेबांनी दुसरा खंड उघडला. पानांच्या कडा छापखान्यातून आल्या तशाच जोडलेल्या. वाचण्याआधी पानं कापून सुटी करायची सुरी लागलीच नव्हती. तिसऱ्याची तीच गत, चौथ्याचीही.

"गावाला तुमचा फार अभिमान आहे, साहेब," वाचनालयाच्या मिस ऑल्डन म्हणाल्या.

"पुस्तक न उघडता बाळगता येतो, दिसतंच आहे."

लेम्युएल थॉर्नडाइक आधी नामांकित वकील होते, मग अमेरिकेचे राजदूत. दोन राजांचा सरहद्दीचा तंटा त्यांनी एका जेवणात मिटवला होता. आत्मचरित्राचे चार खंड लिहून ते व्हरमाँट राज्यातल्या आपल्या गावी परतले. आता त्यांना एकच हवं होतं: गावातला एक वाचक.

"पहिला खंड कुठाय?"

"बाहेर गेलाय. तिसऱ्यांदा."

साहेब खुर्चीत बसले. "कोण नेतो?"

"नाव सांगायचं नाही म्हणालाय. पानं स्वतःच्या चाकूने कापली त्याने. परवा इथे बसून तुमचं बालपण पाठ करत होता. सोमवारी तुम्हाला भेटणार आहे म्हणे."

घरी साहेबांनी बायकोला ही बातमी दोनदा सांगितली.

"सोमवारी टटलचा दावा आहे ना?" अबिगेल म्हणाली. "अक्रोडाच्या झाडाचा?"

"अर्ध्या तासाचं काम! मधली दगडी भिंत कधीच ढासळली. झाड कोणाच्या हद्दीत होतं, ते सांगणारं कोणी उरलेलं नाही. आणि शेजारी कोण, तर अ‍ॅसा टटल. जन्मात शेतकी पंचांगापलीकडे वाचलेलं नाही त्याने. तू माझा काळा कोट काढून ठेव. वाचक येणार आहे."

सोमवारी कोर्ट भरलं होतं. झाड थॉर्नडाइकांचंच, असं ठणकावून साहेब बसले आणि बाकांवर वाचक शोधू लागले.

टटल उठला. वकील नव्हता. हात मागे बांधून, शाळेतल्यासारखा, तो घडाघडा बोलू लागला: "'लहानपणी आम्ही भिंत ओलांडून टटलांच्या झाडाचे अक्रोड चोरत असू.' खंड पहिला, प्रकरण दुसरं. पुढचं म्हणू का, लेम? झकास लिहिलंयस."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी विचारलं, "राजदूतसाहेब, काही हरकत?"

साहेब उभे राहिले. मान ताठ होती, डोळे भरून आले होते.

"आहे. 'चोरत' नाही, मी 'लांबवत' लिहिलंय."